मोबाईलवरच्या नव्या कंपन्यांचे शेअर: जोखीम घ्यावी का, आणि घेतली तर किती?

२०२५ ची दिवाळी झाली आणि आयपीओंची रांगच लागली बघा. लेन्सकार्ट, ग्रो, फिजिक्सवाला, मीशो, सगळी नावं मोबाईलमुळं आधीच घराघरात पोचलेली. त्यामुळं ज्यांनी आयुष्यात कधी शेअर घेतला नाही असे लोकही अर्ज भरायला लागले. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये चहाच्या सुट्टीत, राजारामपुरीत क्लासच्या बाहेर, इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडवर, सगळीकडं एकच, "लावलास का अर्ज?" अर्ज करण्यात चूक काहीच नाही, पण आपण नक्की काय विकत घेतोय हे विचारलं की बरेचजण गप्प होतात, म्हणून हा विषय जरा मुळापासनं बघू.

आयपीओ म्हणजे पैसे कुणाच्या खिशात जातात?

आयपीओ म्हणजे कंपनीनं पहिल्यांदा आपले शेअर सर्वसामान्य लोकांना विकणं. तोवर कंपनीचे मालक म्हणजे ती काढणारे लोक आणि ज्यांनी सुरवातीला पैसे घातले ते मोठे गुंतवणूकदार. आपण जे पैसे देतो त्याचे दोन भाग असतात. एक भाग नव्या शेअरचा, तो पैसा कंपनीत जातो, त्यातनं धंदा वाढतो. दुसरा भाग जुन्या मालकांच्या शेअरचा, त्याला ऑफर फॉर सेल म्हणतात, आणि तो पैसा कंपनीत एक रुपयाही जात नाही, सरळ विकणाऱ्याच्या खात्यात जातो.

२०२१ ची दोन उदाहरणं शेजारी ठेवा म्हणजे फरक कळेल. झोमॅटोचा आयपीओ ९,३७५ कोटींचा होता, त्यातले ९,००० कोटी नव्या शेअरचे. पेटीएमचा १८,३०० कोटींचा, त्यावेळचा देशातला सगळ्यात मोठा, आणि त्यातले १०,००० कोटी जुने मालक बाहेर काढून घेत होते. जुना मालक विकतोय म्हणजे कंपनी वाईटच असं मी म्हणत नाही, दहा वर्षं पैसे अडकवलेल्या माणसाला कधीतरी बाहेर पडायचंच असतं. पण कंपनीची आतली खडानखडा माहिती असलेला माणूस ज्या भावाला विकतोय त्या भावाला मी का घेतोय, हा प्रश्न स्वतःला विचारायलाच पाहिजे, आणि हा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात सुरवातीच्याच पानांवर छापलेला असतो.

तोटा दोन प्रकारचा असतो

"कंपनी तोट्यात आहे, मग शेअर कशाला घ्यायचा?" ही शंका रास्त आहे, पण तोटा तोट्यात फरक असतो. समजा राजारामपुरीत क्लासला येणाऱ्या पोरांसाठी कुणी खानावळ काढली. डबा ६० रुपयाला विकतोय आणि डाळ, तांदूळ, भाजी, गॅस, पोचवणारा पोरगा धरून खर्च ७० येतोय. इथं जितके डबे जास्त तितका खड्डा मोठा, पोरांची गर्दी बघून लोक म्हणणार काय धंदा चाललाय, आणि मालक मात्र रोज घरातनं पैसे घालतोय. आता दुसरी खानावळ धरा. तिचा डबा ६० ला जातो, खर्च ५०, पण भाडं, भांडी, आचारी मिळून महिन्याचा ४० हजारांचा ठरलेला खर्च अजून सुटत नाही. ही पण आज तोट्यातच आहे, पण महिन्याला ४,००० डबे गेले की बरोबरी आणि पुढचा प्रत्येक डबा नफ्याचा.

इंटरनेट कंपनीचंही अगदी असंच आहे. एका ऑर्डरमागं कंपनीला सगळे थेट खर्च जाऊन चार पैसे उरतात का, आणि सवलत बंद केल्यावर गिऱ्हाईक टिकतं का, एवढं दोनच बघायचं. उरत असतील तर तोटा हा वाढीचा खर्च आहे असं म्हणता येतं. उरत नसतील तर तुमच्या आयपीओच्या पैशातनं लोकांना स्वस्तात माल मिळतोय, बाकी काही नाही.

एक सावधगिरी मात्र घ्या. बऱ्याच कंपन्या खरा नफा-तोटा मागं ठेवतात आणि "अॅडजस्टेड इबिट्डा" नावाचा आकडा पुढं करतात. त्यात व्याज नसतं, कर नसतो, यंत्रं-सामानाची झीज नसते आणि बहुतेक वेळा कर्मचाऱ्यांना वाटलेल्या शेअरचा खर्चही काढून टाकलेला असतो, आणि हा शेवटचा खर्च शेअरहोल्डर म्हणून तुम्हीच सोसत असता कारण तेवढा तुमचा हिस्सा पातळ होतो. म्हणून सगळ्यात खालची ओळ बघा, सगळं जाऊन उरलेला निव्वळ नफा किंवा तोटा.

सगळेजण वापरतात, मग कंपनी कमावत असणारच की?

मला वाटतं सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात. पेटीएमचा क्यूआर कुठं नाही सांगा, भवानी मंडपापासनं रंकाळ्यावरच्या भेळेच्या गाड्यापर्यंत सगळीकडं. पण यूपीआयवरनं बँक खात्यातनं दुकानदाराला पैसे दिले की त्यावर कमिशन घ्यायचं नाही असा सरकारचा नियम जानेवारी २०२० पासनं आहे. म्हणजे तुम्ही दिवसातनं वीस वेळा स्कॅन केलं तरी त्या स्कॅनवर दुकानदाराकडनं कंपनीला कमिशन मिळत नाही. तिची कमाई दुसरीकडनं, "इतके रुपये मिळाले" असं बोलणाऱ्या त्या डब्याचं महिन्याचं भाडं, कर्ज मिळवून देण्याचं कमिशन, असल्या गोष्टींतनं.

नियमांची जोखीम तर वेगळीच. ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेनं पेटीएम पेमेंट्स बँकेवर कडक निर्बंध घातले आणि शेअर काही दिवसांत कोसळला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर बंदी आणणारा कायदा केला आणि क्रिकेट मॅचच्या मध्ये ज्यांच्या जाहिराती लागायच्या त्यांचा मुख्य धंदाच थांबला. शिरोलीतल्या फाउंड्रीला उद्या ऑर्डर कमी आल्या तरी भट्टी, जागा, मशिनरी विकून काहीतरी हातात येतं. ॲपच्या कंपनीकडं विकायला असं फारसं काही नसतं, गिऱ्हाईक गेलं की सगळंच गेलं.

कंपनी चांगली आहे, पण भाव?

चांगली कंपनी आणि चांगली गुंतवणूक या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, मधे भाव येतो. लेन्सकार्टचंच बघा, ऑनलाईन सुरू होऊन दुकानं काढलेली चष्म्याची कंपनी, तोट्यात नाही, २०२४-२५ मध्ये २९७ कोटींचा नफा. आयपीओत शेअर ४०२ रुपयाला दिला, त्या हिशेबानं सगळ्या कंपनीची किंमत जवळपास ७० हजार कोटी होते. ७० हजाराला २९७ नं भागा, २३५ च्या आसपास येतं. म्हणजे नफा आहे तेवढाच राहिला तर भरलेली किंमत नफ्यातनं सुटायला २३५ वर्षं. नफा तेवढाच राहणार नाही, तो भराभर वाढेल असं धरूनच हा भाव लावलेला असतो. पण याचा अर्थ असा की पुढच्या कित्येक वर्षांची चांगली बातमी तुम्ही आधीच मोजून दिलीय, आता कंपनीनं नुसतं चांगलं काम करून भागत नाही, अपेक्षेपेक्षा चांगलं करावं लागतं.

अमेरिकेत हे २५ वर्षांपूर्वी होऊन गेलंय. १९९९ च्या शेवटी ॲमेझॉनचा शेअर शंभर डॉलरच्या वर होता, २००१ मध्ये तो सहा डॉलरच्या आसपास आला. कंपनी बुडाली नाही, पुढं जगातली मोठी कंपनी झाली, पण मधे शंभरातले नव्वदपेक्षा जास्त रुपये गेलेले बघून किती जण थांबले असतील विचार करा. आणि जे ॲमेझॉनऐवजी पाळीव प्राण्यांचं सामान ऑनलाईन विकणाऱ्या पेट्स डॉट कॉममध्ये होते त्यांना थांबायची संधीच नव्हती, फेब्रुवारी २००० मध्ये आयपीओ आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनी बंद. तिथल्या नॅसडॅक शेअर बाजाराचा निर्देशांक मार्च २००० मध्ये ज्या उंचीवर होता तिथं परत पोचायला २०१५ उजाडलं.

गणित पण लक्षात ठेवा. शेअर ५० टक्के पडला तर मूळ जागी यायला तो दुप्पट व्हावा लागतो, ८० टक्के पडला तर पाचपट.

इतकी जोखीम आहे तर सरकार परवानगी देतंच कसं?

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं त्याचा विचार केलेला आहे. कंपनीचा नफ्याचा इतिहास चांगला असेल तर किरकोळ गुंतवणूकदारांना, म्हणजे दोन लाखांपर्यंत अर्ज करणाऱ्या तुम्हाआम्हाला, आयपीओतला किमान ३५ टक्के वाटा ठेवावा लागतो. जिला तो इतिहास नाही तिनं किमान ७५ टक्के शेअर मोठ्या संस्थांना द्यायचे आणि किरकोळ लोकांसाठी जास्तीत जास्त १० टक्के. म्हणजे नियमच सांगतोय की हा माल आधी जाणकारांनी तपासून घ्यावा. पण सेबी भाव ठरवत नाही आणि माहितीपत्रक मंजूर झालं म्हणजे कंपनी चांगली असल्याची हमीही देत नाही. तुमच्या आयपीओत किरकोळ वाटा १० टक्के दिसला की समजायचं, ही नफ्याचा इतिहास नसलेल्या रस्त्यानं आलेली कंपनी आहे.

आपल्याकडं अजून एक गल्लत होते. दर महिन्याला ठरलेले टक्के देतो म्हणून पैसे गोळा करणाऱ्या लोकांनी कोल्हापूर, सांगली भागात किती घरं अडचणीत आणली हे आपण बघितलंय, त्यामुळं पोळलेली माणसं शेअरलाही त्याच पंगतीत बसवतात. शेअर बाजारातली कंपनी तुम्हाला काहीच कबूल करत नाही, ना टक्का ना मुद्दल, पण दर तीन महिन्यांनी हिशेब जाहीर करते आणि बाजार चालू असला की शेअर विकता येतो. इथं नुकसान झालं तर ते बहुतेक वेळा फसवणुकीचं नसतं, जास्त भाव दिल्याचं असतं.

मोठमोठे फंड घेतायत, त्यांना कळत नाही का?

कळतं, पण त्यांचा खेळ वेगळा आहे. इन्फो एज म्हणजे नोकरी डॉट कॉमवाली कंपनी, तिनं २०१० मध्ये झोमॅटोत पहिले पैसे घातले ते ४.७ कोटी. आयपीओच्या वेळी झोमॅटोची किंमत ६० हजार कोटींच्या पुढं होती. सगळ्यात मोठी चढण लोकांपर्यंत शेअर यायच्या आधीच झालेली होती. आणि याच इन्फो एजनं इतर नव्या कंपन्यांत घातलेले कितीतरी पैसे पूर्ण बुडीत धरलेत, तरी एक झोमॅटो आणि एक पॉलिसीबझार सगळी भरपाई करून गेली. ते अनेक ठिकाणी थोडं थोडं लावतात, बहुतेक जाणार हे धरूनच लावतात. आपण एकाच ठिकाणी लावतो आणि तेच चालेल अशी आशा धरतो.

शिवाय आयपीओच्या आदल्या दिवशी घेणाऱ्या ज्या मोठ्या संस्था असतात, ज्यांना अँकर म्हणतात, त्यांचे निम्मे शेअर ३० दिवसांनी आणि उरलेले ९० दिवसांनी विकायला मोकळे होतात. आयपीओआधीपासनं असलेल्या बाकी मालकांचे, प्रवर्तक म्हणजे कंपनी काढून चालवणारे सोडून, सहा महिन्यांनी. या तारखांना बाजारात एकदम माल येऊ शकतो. झोमॅटोच्या वेळी ही मुदत एक वर्षाची होती, ती संपल्यावर २५ जुलै २०२२ ला शेअर एका दिवसात ११ टक्क्यांच्या आसपास पडला.

लिस्टिंगला, म्हणजे शेअर बाजारात आल्या आल्या विकून मोकळं व्हायचं, कशाला एवढा विचार?

सेबीनं एप्रिल २०२१ ते डिसेंबर २०२३ मधल्या आयपीओंचा अभ्यास केला, त्यात दिसलं की वाटप झालेल्या शेअरपैकी, अँकर सोडून, किमतीनं निम्म्याहून जास्त शेअर आठवड्याच्या आत विकले गेले. म्हणजे हा विचार करणारे तुम्ही एकटे नाही. अडचण अशी की ज्याला प्रचंड मागणी असते त्यात लॉटरी लागते, एक लॉट, म्हणजे शेअरचा कमीत कमी गठ्ठा, मिळाला तर नशीब. आणि ज्याला मागणी नसते ते सहज मिळतं. झोमॅटोला एकूण ३८ पट मागणी होती, पेटीएमला दोन पटसुद्धा नव्हती, आणि पेटीएम पहिल्याच दिवशी २७ टक्के खाली बंद झाला. ग्रे मार्केटचा, म्हणजे शेअर बाजारात यायच्या आधीच बाहेर चालणाऱ्या सौद्यांचा आकडा बघून अर्ज करणाऱ्यांना एवढंच सांगतो, तो बाजार पूर्ण अनधिकृत आहे, तिथला भाव कोण ठरवतं, किती सौद्यांवर ठरवतं याला कसलाही कागद नाही.

थांबलो आणि संधी गेली तर?

माझं सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं इथं आहे, घाई करायची गरजच नाही, चांगली कंपनी असली तर ती तुम्हाला वेळ देते.

झोमॅटोचा आयपीओ जुलै २०२१ मध्ये ७६ रुपयाला, लॉट १९५ शेअरचा, म्हणजे १४,८२० रुपये. पहिल्याच दिवशी भाव ११५ च्या पुढं. ज्यांना मिळाला नाही ते हळहळले आणि बऱ्याच जणांनी वरच्या भावानं बाजारातनं घेतला. वर्षभरात तो चाळिशीत आला, लॉटचे राहिले ७,८०० च्या आसपास. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीनं पहिल्यांदा तिमाही नफा दाखवला, फक्त २ कोटी, आणि तेव्हाही शेअर शंभरच्या आत मिळत होता. डिसेंबर २०२४ मध्ये तो तीनशेला शिवून आला. म्हणजे आयपीओला घाई न करता, कंपनी खरंच कमवू शकते हा पुरावा हातात आल्यावर घेणाऱ्यालाही तिप्पट बघायला मिळालं, आणि मधली दोन वर्षं जीव मुठीत धरून बसावं लागलं नाही.

पेटीएमच्या बाबतीत थांबणारा पूर्ण वाचला. २,१५० चा भाव, ६ शेअरचा लॉट, १२,९०० रुपये. मे २०२४ मध्ये शेअर ३१० पर्यंत गेला, लॉटचे राहिले १,८६०. नंतर बराच सावरला, पण २०२५ संपलं तरी २,१५० काही परत दिसले नाहीत.

"इन्फोसिस पण अशीच होती" असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा की १९९३ ला इन्फोसिस आली तेव्हा ती नफ्यात होती आणि ९५ रुपयाचा तो शेअर पूर्ण खपलासुद्धा नव्हता. आताच्या कंपन्या मोठ्या होऊनच बाजारात येतात, वाढीचा पहिला घास दुसऱ्यांनी खाल्लेला असतो.

आयपीओच्या आधीच शेअर घेऊन ठेवले तर?

अनलिस्टेड, म्हणजे अजून शेअर बाजारात न आलेले शेअर विकणारे फोन आता कोल्हापुरातही यायला लागलेत. इथं माझं उत्तर सरळ नाही असं आहे. हिशेब नीट मिळत नाहीत, भाव एजंट सांगेल तो, विकायला गिऱ्हाईक मिळेलच असं नाही, आणि आयपीओ आला तरी पुढं सहा महिने विकता येत नाही. असे व्यवहार करणाऱ्या बेकायदा प्लॅटफॉर्मपासनं लांब राहा असा इशारा सेबीनं डिसेंबर २०२४ मध्ये दिलाय. एचडीबी फायनान्शियलचं उदाहरण इंटरनेट कंपनीचं नाही पण डोळे उघडणारं आहे, अनलिस्टेड बाजारात लोक १,२०० च्या वर मोजत होते आणि जून २०२५ मध्ये आयपीओ आला ७०० ते ७४० ला.

मग किती लावायचे, आणि कुठले पैसे?

किती याच्याआधी कुठले हे महत्त्वाचं. आपल्याकडं गळीत हंगाम आणि आयपीओंची ही गर्दी २०२५ च्या शेवटी एकाच वेळी आली, उसाचं बिल खात्यावर जमा झालं की हात शिवशिवतात. पण त्या बिलातनं सोसायटीचं पीककर्ज फेडायचं असतं, आणि वेळेत फेडलं तरच व्याजाची सवलत मिळते. ती घालवून शेअर घेणं म्हणजे पहिल्याच दिवशी नुकसान पक्कं. पोराची कॉलेजची फी, लग्नाचा पैसा, भिशीचा हप्ता, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं औषधपाणी, यातलं काहीही इथं आणायचं नाही, कर्ज काढून तर अजिबात नाही.

ज्यांचा सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे, आरोग्य विमा आहे, बाकी गुंतवणूक जागेवर आहे, त्यांनी शंभरातले चार-पाच रुपये असल्या कंपन्यांत घालायला माझी हरकत नाही, तेही तीन-चार कंपन्यांत वाटून आणि पाच वर्षं लागणार नाहीत असे. ते सगळे बुडाले तरी घरात जेवताना विषय निघू नये एवढीच रक्कम. त्या रकमेपुरती ही जोखीम घेण्यासारखी आहे असं मला मनापासनं वाटतं, कारण तोटा लावलेल्या पैशापुरता असतो आणि एखादी कंपनी खरंच चालली तर बाकीच्यांची भरपाई करते.

आणि ज्यांना हे काहीच निवडत बसायचं नाही त्यांनी निफ्टीचा इंडेक्स फंड, म्हणजे निफ्टीतल्या सगळ्या मोठ्या कंपन्यांचे शेअर घेणारा फंड, घेतला असेल तर त्यांच्याकडं झोमॅटोचा शेअर आधीच आहे. ही कंपनी, जिचं नाव आता इटर्नल झालंय, डिसेंबर २०२४ मध्ये सेन्सेक्समध्ये आणि मार्च २०२५ मध्ये निफ्टीत आली. जी कंपनी टिकते आणि मोठी होते ती अशी आपोआप तुमच्या फंडात येते, आणि उशिरा आली तरी बुडणाऱ्यांचा बराचसा भार तुमच्यावर पडत नाही.

आधीच घेऊन बसलोय, आता काय करू?

घेतलेला भाव विसरा, कारण तो बाजाराला माहीत नाही. आज हातात तेवढे रोख असते तर आजच्या भावाला हाच शेअर घेतला असता का, एवढं बघा. उत्तर नाही असेल तर "माझा भाव आला की विकतो" म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही, आणि खाली आलाय म्हणून आणखी घेऊन सरासरी करणं तर त्याहून घातक. उत्तर हो असेल तर चार तिमाहींचे निकाल एनएसई किंवा बीएसईच्या वेबसाईटवरनं फुकट काढा आणि तीन गोष्टी ओळीनं लिहा: विक्री वाढतेय का, निव्वळ तोटा कमी होतोय का, आणि धंद्यातनं रोख पैसा येतोय की अजून जातोच आहे. चारही तिमाहींत तिन्ही उलट्या दिशेला जात असतील तर शेअर किती पडलाय याचा विचार न करता विकून टाका, आणि तोटा झालेला असला तरी आयकर रिटर्न वेळेत भरा, म्हणजे तो पुढची आठ वर्षं शेअरच्या नफ्यातनं वजा करता येतो.